काळ्या पट्टीचा सिनेमा

अण्णा भाकरीला कात्री लावायचे. खोटं वाटंल, पण त्या कापलेल्या भाकरीतली निम्मी माझ्याच पोटात गेलीय, तवा माझ्यावर भरवसा ठेवायला हरकत न्हाई.

व्हायचं काय, अण्णा टीव्ही अन् सीडीचा प्लेअर घेऊन खेड्यात सिनेमा दाखवायला जायचे. सिनेमा सुरू झाला की कुणीतरी एक शहाणं उठायचंच. "ओ अण्णा, ह्या वर-खाली काळ्या पट्ट्या कामून? निम्मा टीव्ही फुकट जायलाय की!" मंग अण्णा सिनेमा थांबवायचे, यजमानाच्या घरातनं एक ज्वारीची भाकरी मागायचे अन् खिशातनं कात्री काढायचे.

"बघा. ह्यो पूर्ण सिनेमा. अन् तुमचा टीव्ही म्हंजे चौकोनी डबा. डब्यात बसवायचं तर दोनच रस्ते. एक तर भाकर बारकी थापायची. मंग वर-खाली जागा मोकळी राहती, पण भाकर अख्खी. न्हाईतर हे." मंग कचाकच डाव्या-उजव्या कडा कापायचे. "भरला डबा! पण ह्या कडा कुणाच्या? हितं हिरोची बहीण हुबी होती. अन् हितं चाकू घेऊन लपलता तो. आता बसा बघत, खून कुणी केला ते."

मधला तुकडा मला द्यायचे. "ड्रायव्हर, तू खा. तुला काय बी चालतं." कडा स्वतः खायचे.

आता अण्णा न्हाईत. जाऊन वरीस होत आलं. लोकं अजून त्यांना 'थापाड्या अण्णा' म्हणत्यात, अन् ते नाव गावाच्या तोंडात बसवायचं पुण्य माझं. म्हणून हे सांगायलोय. सांगतो मी, लिहून घ्यायलीय माझी पोरगी, कारण माझं शिक्षण तुमाला पुढं कळंलच.

अण्णाची कमलनगरला बसस्टँडामागं दोन खोल्याची जागा. त्याआधी उमेदीची पंचवीस वर्षं हैदराबादला एका थेटरात मशीनवर काढलेली. थेटर बंद पडलं, तितं शादीखाना झाला, अन् अण्णा एकोणतीस इंची टीव्ही घेऊन गावाकडं आले. मशीनवर असताना लांब पडद्याच्या सिनेमाला वेगळं भिंग लावावं लागायचं म्हणे, ते लावायचं काम अण्णाचं. ते सांगताना दोन्ही हात पसरायचे, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आमच्या जीपमधी सांगायचे तवा एक हात माझ्या तोंडावर यायचा अन् गाडी उसात जाता जाता वाचायची.

जीप माझी. टीव्हीला दोन गोधड्या गुंडाळायच्या, मागं झोपवायचा, वर बॅटरी, वायरी, सीड्याची ट्रंक, अन् निघायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी, बारशाला, जावळाला. दुपारची जेवणं झाली की पाहुणे लोळायला लागत्यात, तो आमचा टाईम. खिडक्याला गोणपाट लावून अंधार करायचा अन् अण्णाचा सिनेमा चालू.

सिनेमे सगळे तेलुगु. आमच्याकडं मराठी घरात, कानडी बाजारात अन् उर्दू भांडणात. तेलुगु तेवढं औरादकडच्या लोकालाच. मंग कळायचं कसं? तर अण्णा सांगायचे. टीव्हीच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसायचे, नजर पडद्यावर, अन् तिकडं हिरोनं तोंड उघडलं की हिकडं मराठीत चालू. "म्हणतोय, आई, मी तुझ्यासाठी काय बी करीन, पण ती जमीन मागू नको." हिरो हळू बोलला तर अण्णा हळू. आई रडली तर अण्णाचा आवाज भरून यायचा. तेलुगुतली म्हातारी मराठीत रडायची अन् आमच्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. कुटं गप बसायचं तेबी त्यांना ठाऊक होतं. दोन भाऊ नुसते एकमेकाकडं बघायलते, तवा अण्णाबी नुसते बघायचे, अन् मांडवात टाचणी पडली तर ऐकू यावं.

सीड्या आणायला अण्णा स्वतः बीदरवरनं हैदराबादची बस धरायचे. एकदा मीबी गेलतो. दुकानात एकाच सिनेमाच्या दोन-दोन सीड्या. एक स्वस्त, टीव्हीभर दिसणारी, फुल स्क्रीन. एक महाग, पट्टीवाली. मी म्हणलं, "अण्णा, कमी पैशात जास्त दिसायलंय तर घ्या की तेच." अण्णा दुकानदाराला म्हणले, "ह्याला बाहेर बसव."

त्या पट्टीवाल्या सिनेमाच्या खालच्या काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं पळायची. एका गावात मास्तरनं विचारलं, "अण्णा, हे इंग्रजीत काय लिहून यायलंय?" अण्णा म्हणले, "ते अमेरिकेतल्या लोकांसाठी. त्यांना तेलुगु येत न्हाई." मास्तरनं मान हलवली. मीबी हलवली. मास्तर मान हलवतील तवा आपुन हलवायची, एवढं शिक्षण माझं झालतं.

शाळेत मी दोनदाच गेलो. एकदा मतदानाला, एकदा पोरीचं नाव घालायला. दोन्ही बारीला अंगठा. पण लोकाला कळू द्यायचं न्हाई, ही हौस. जीपमधी पुढं काचेपाशी पेपर ठेवायचो. पाशिंजर गोळा होईस्तोवर उघडून बसायचो. एका म्हातारीनं एकदा विचारलं, "बाबा, त्या पेपरातला नेता उलटा कामून हुबा हाय?" मी म्हणलं, "विरोधी पक्षाचा हाय, मावशी."

अण्णाच्या लई तऱ्हा. मोबाईल घ्यायचे न्हाईत. म्हणायचे, "मोबाईल म्हंजे तोंड नसलेला माणूस. त्याच्याशी कशाला बोलायचं?" मला काही सांगायचं असलं की चिठ्ठी पाठवायचे. मी ती हाटेलवाल्याकडं न्यायचो, "चष्मा इसरलाय, बघ बरं काय म्हणायलेत," अन् तो वाचायचा: उद्या बारा वाजता, वायर आण. माझ्याकडं चष्मा कधी नव्हताच.

पाठीमागनं कुणी हाक मारली तर अण्णा वळायचे न्हाईत. "पाठीमागनं बोलतो तो चोर. समोर ये." रस्त्यानं चालले की मी मागनं भोंगा वाजवून वाजवून थकायचो, हे आपले राजावानी मधून. जीपमधी पुढं बसायचे अन् सगळा रस्ता माझ्या तोंडाकडं बघत. मला वाटायचं, आपुन देखणे हाव. माझ्या मिशा लई वाढल्या की रागवायचे. "काप ते आधी. तोंड झाकून बोलायला तू काय नवरी हाईस?" तंबाखू तोंडात धरून बोललो तर गाडीतनं उतरायचे. अन् बोलणं सगळं मोठ्यानं, जसं काय पलीकडच्या शेतात म्हशी राखायलो आपुन.

तुमाला कळालं ना? व्हय. तुमाला पाच मिनिटात कळालं. मी चार वर्षं त्यांना जीपमधी घेऊन हिंडलो अन् त्याच्यावर अजून चौदा वर्षं गेली, तवा मला कळालं की अण्णाला ऐकू येत नव्हतं.

मशीनपाशी पंचवीस वर्षं उभं राहून कान गेलते. तेलुगु त्यांना झकास यायचं, पण कानात शिरतच नव्हतं. खालच्या पट्टीतली इंग्रजी अक्षरं वाचायची, हिरोच्या ओठाकडं बघायचं, अन् मराठीत सांगायचं. म्हणून पट्टी. म्हणून ती भाकर, ती कात्री. तसं लांब पडद्याचं येड खरंच होतं त्यांना, ते काय खोटं नव्हतं. पण पट्टी गेली की अक्षरं जाणार, अन् अक्षरं गेली की अण्णा.

एवढं लपवायचं कामून? तर एक पोरगी होती लग्नाची. अण्णाची आई म्हातारपणी ठार बहिरी झालती, थोरला भाऊबी तसाच. कानाचं कळालं तर गाव काय मशीनला दोष देणार व्हय? म्हणणार, "बहिऱ्याचं घराणं हाय, रक्तातच हाय, उद्या लेकरं तसली निघतील." पोरीच्या अक्षता पडेस्तोवर अण्णाला ऐकू येणं भाग होतं.

सोयरीक आली चिंताकी गावची. घर बरं, पोरगा बरा. बघणं झालतं, देणं-घेणं झालतं, सुपारी फुटायची राहिलती. तेवढ्यात पोराच्या थोरल्या भावाच्या लेकराचं बारसं निघालं अन् त्यांनी निरोप धाडला, "अण्णा, सिनेमा घेऊन या. आमच्या घरच्या बायका लातूर-उदगीरकडच्या, तेलुगु समजत न्हाई. तुमचं सांगणं लई ऐकलंय."

त्या दिवशी सकाळी जीपमधी सामान भरताना अण्णाच्या पोरीनं माझ्या हातात घडी केलेली चिठ्ठी दिली. "मामा, नक्की वाचा."

"वाचतो की." मी खिशात घातली. हाटेलवाला त्या दिवशी गावाला गेलता. अन् चिठ्ठीत असून असून काय असणार? बारा वाजता, वायर आण. वायर तर घेतलती. निघायच्या आधी इंजनाचं ऑइल बघायचं होतं, सळई पुसायला फडकं सापडंना. मी ती चिठ्ठी काढली, सळई पुसली अन् फेकून दिली. चांगला जाड कागद होता.

चिंताकीत मोठी बैठक होती. पुढं लेकरं, मंग बायका, मागं गडीमाणसं. पोराची आई मधोमध, पाटावर. सिनेमा सुरू झाला. अण्णा त्या दिवशी असे सांगायलते की काय सांगू. पोराची आई पयल्या अर्ध्या तासात दोनदा रडली. माझ्याच छातीत हवा भरली, जसं काय मीच तेलुगुत जन्मलो.

मधी यजमानानं अण्णाला लाडू खायला आत नेलं. रिमोट टीव्हीवरच राहिला. एरवी तो अण्णाच्या खिशातच असायचा, कारण मला त्या मोठं करायच्या बटनाची खाज होती हे त्यांना माहीत होतं.

पुढं बसलेली एक आजी म्हणली, "ड्रायव्हरबाबा, माणसं लई बारकी दिसायलीत. मोठी करता येत न्हाईत व्हय?"

दुसरी म्हणली, "त्याला काय येतंय? त्यानं नुसती गाडी चालवायची."

झालं. मी म्हणलं, "येत न्हाई? हे बघा." माझं डोस्कं असं चाललं: खालची अक्षरं अमेरिकेच्या लोकांसाठी. ह्या बैठकीत अमेरिकेचं कोण बसलंय? कुणीच न्हाई. मला त्या अक्षराचा उपयोग न्हाई, म्हंजे कुणालाच न्हाई. दाबलं बटन. दोन्ही पट्ट्या गडप, टीव्ही काठोकाठ भरला. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. आजी म्हणली, "आता कसं गुटगुटीत दिसायलेत!" मला एवढा चेव आला, मी रिमोटमधले दोन्ही सेल काढले अन् खिशात घातले. म्हणलं आता अण्णा आले तरी करू देत कमी!

अण्णा आले. पडद्याकडं बघितलं. रिमोट उचलला, दाबला, परत दाबला, मागचं झाकण उघडून बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. मी दात काढले.

पडद्यावर दोन भाऊ एका बाजंवर दोन टोकाला बसलते. आता टीव्ही भरला होता ना, तर एक भाऊ डावीकडं गायब, दुसरा उजवीकडं गायब. एकीकडं गुडघा, दुसरीकडं गुडघा, अन् मधी रिकामी बाज. ती बाज दोन मिनिटं तेलुगुत बोलली.

"सांगा की अण्णा, काय म्हणायलेत?" बायका म्हणल्या.

अण्णा स्टुलावर बसले. बाजंकडं बघून म्हणले, "थोरला म्हणतोय, जेवून घे. धाकटा म्हणतोय, भूक न्हाई."

मागनं पोराचा चुलता हसला. त्याचा हैदराबादला माल जायचा, तेलुगु त्याला पाण्यावानी यायचं. "ओ अण्णा! जेवण कुटलं? थोरला म्हणायलाय, बापाला मीच मारलं!"

सगळे हसले. अण्णाला हसणं दिसलं, कशाचं ते कळालं न्हाई, तर तेबी जरासे हसले. पुढं पोलीस आला. नाकापासनं मिशीपर्यंत तेवढाच, बाकीचा कापलेला. अण्णा म्हणले, "पोलीस म्हणतोय, वाट चुकलो." चुलता म्हणला, "वाट न्हाई ओ, बेड्या घाला म्हणतोय!" बैठक लोळायली हसून. अन् सगळ्यात मोठ्यानं कोण, तर मी. माझं हसणं वेगळं वळखू येतं, म्हैस पाण्यात बसल्यावाणी.

मंग चुलता उठला, लोकातनं वाट काढत पुढं आला अन् अण्णाच्या समोर उकिडवा बसला. चेष्टेतच, पण तोंडाला तोंड लावून विचारलं, "खरं सांगा अण्णा. तुमाला तेलुगु येत न्हाई, का ऐकायला येत न्हाई?"

पोराच्या आईनं मान वर केली.

अण्णानं तिच्याकडं बघितलं, चुलत्याकडं बघितलं. मंग मांडीवर थाप मारून मोठ्यानं हसले. "ऐकायला काय धाड भरलीय मला! तेलुगु येत न्हाई, झालं. इतकी वर्षं मनानंच सांगायलतो. तुमच्या गावात पकडलो गेलो. जावई चलाख घरातला भेटणार म्हणायचा!"

काय हसले लोकं! पोराच्या आईनंबी पदर तोंडाला लावला. सिनेमा कुणी बघितलाच न्हाई मंग. जाताना चुलता अण्णाच्या पाठीवर हात ठेवून म्हणला, "थापाड्या हाय, पण माणूस गमती हाय." तिसऱ्या दिवशी सुपारी फुटली.

येताना जीपमधी अण्णानं माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई. कमलनगर आल्यावर म्हणले, "सेल दे." मी दिले. उतरले, खिडकीपाशी आले, माझ्या तोंडाकडं बघत म्हणले, "तू कुणाला बोलणार न्हाईस."

मला वाटलं, थापांचं म्हणायलेत. मी डोळा मारला. "मी कशाला बोलू अण्णा?"

दुसऱ्या दिवसापासनं पयल्या फेरीपासनं शेवटच्या फेरीपर्यंत सांगितलं. बाज कशी बोलली, पोलीस कसा वाट चुकला. अण्णाची नक्कल तर अशी बसली की लोकं ती ऐकायला एसटी सोडून माझ्या जीपमधी यायचे. नवीन पाशिंजर आलं की जुनं म्हणायचं, "ड्रायव्हर, ते थापाड्याचं सांगा की." गावात लेकरं अण्णाच्या मागनं "थापाड्या, थापाड्या" ओरडत जायची. अण्णा वळायचे न्हाईत. मी म्हणायचो, बघा, लाजायलेत.

एक दिवस दुसरी गाडी नव्हती म्हणून अण्णा माझ्याच जीपमधी बसले, पुढं, माझ्या शेजारी. मला काय लाज? मी आरशात मागच्या लोकाकडं बघून त्यांच्यासमोरच गोष्ट लावली. लोकं हसायलीत. अण्णानं मागं वळून बघितलं, अन् तेबी हसले. मला वाटलं, काय दिलदार माणूस हाय!

सिनेमा दाखवणं त्यांनी सोडलं. कोण बोलवणार? पण माझा मान वाढला. पोरीच्या लग्नात मला पयल्या पंगतीला बसवलं. भावकी खाली बसली अन् मला टोपी, टॉवेल, वर शर्टाचं कापड. बायको म्हणली, "एवढा आहेर कामून केला ओ त्यांनी?" मी म्हणलं, "माणसाची पारख हाय अण्णाला." दर दिवाळीला चिवड्याचा डबा यायचा. रस्त्यात भेटले की हात जोडायचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. मी चिवडा खायचो अन् दुसऱ्या दिवशी परत नक्कल करायचो.

वर्षं गेली. चौकोनी टीव्ही गेले, आता घरोघरी लांबुळके. आता जुना फुल स्क्रीनचा सिनेमा लावला की पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येत्यात. कुणी भाकर मागत न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात अण्णाची पोरगी माहेराला आलती. दोन लेकरं, दोन पिशव्या. माझ्याच जीपमधी बसली. लेकरं कुरकुर करायलती, म्हणलं हसवावं. अन् मी, तुमी इश्वास ठेवा न्हाईतर नका ठेवू, तिच्याच लेकरांना तिच्याच बापाची नक्कल करून दाखवली. बाज बोलली. पोलीस वाट चुकला. लेकरं हसली.

पोरगी म्हणली, "मामा, गाडी थांबवा."

थांबवली.

"तुमी चिठ्ठी वाचलती ना हो त्या दिवशी?"

"कुटली चिठ्ठी?"

"मी दिलेली." बापाला ती अप्पा म्हणायची. "मला अजून पाठ हाय. 'मामा, अप्पाला ऐकू येत न्हाई. ते खालची अक्षरं वाचून सांगत्यात. आज माझ्या सोयरिकीची माणसं हायेत. पट्टीला कुणाला हात लावू देऊ नका. अन् हे कुणाला बोलू नका.' घरात भांडून लिहिलती मी. अप्पा म्हणले, नको, बाहेरच्याला सांगू नको. मी म्हणलं, मामा आपले हायेत." ती माझ्याकडं बघायलती. "वाचून बी केलात तुमी. वर सेल काढलेत. अप्पा आजवर तुमच्या पुढं हात जोडत्यात, कवा तुमी सासरी सांगताल म्हणून. कामून केलात हो?"

अन् मी काय म्हणलो? 'बाई, मला वाचता येत न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. लेकरं बघायलती ना माझ्याकडं. मी म्हणलं, "वाचलती... पण गडबडीत ध्यानातनं गेलं."

ती लेकरं घेऊन तितंच उतरली. गाव अजून दीड कोस होतं, ऊन डोक्यावर.

ती चिठ्ठी हाटेलवाल्याला वाचायला दिली असती तर सांजेपर्यंत गावभर झालं असतं, तवा सळई पुसली तेच बरं झालं, अशीबी माझी मी समजूत घालून बघितली. बसली न्हाई.

चार दिवस थांबलो. पोरगी सासरी गेल्याचं कळालं तवा अण्णाच्या घरी गेलो. दुपारची येळ. अण्णा बाजंवर बसलते, एकटेच. मला बघून उठायला लागले, हात जोडले. ते जोडलेले हात आता कशाचे ते मला कळायलतं, अन् मला कुटं बघावं ते कळंना.

"अण्णा," मी म्हणलं, "चुकलं माझं." मिशा कापून गेलतो. तंबाखू नव्हती. समोर उजेडात बसलो. "लई चुकलं."

अण्णानं डोळे बारीक केले. "आता ओठावरनं कळत न्हाई मला. डोळ्यात मोती आलेत. मोठ्या अक्षरात लिही." उशाखालची वही काढली, माझ्यापुढं ठेवली. वर पेन.

मी पेन उचललं. गिअर धरतो तसं मुठीत धरलं. वहीवर टेकवलं, काय उमटंना.

"टोपण काढ," अण्णा म्हणले.

टोपण काढलं. एक उभी रेघ मारली. तिच्या शेजारी अजून एक. मंग हात थांबला. घाम वहीवर पडला.

अण्णा वाकले. रेघाकडं बघितलं, माझ्या मुठीकडं बघितलं.

"लिहिता येत न्हाई तुला?"

मी मान हलवली.

"वाचता?"

हलवली.

मंग म्हणले, "अन् पोरीची चिठ्ठी?"

मी उठलो. जीपचं झाकण वर केलं असं दाखवलं. खिशातनं कागद काढला, सळई काढली, पुसली, कागद फेकला. इतकी वर्षं अण्णाची नक्कल केली, अण्णाच्या समोर माझी मी केलेली ही एकच.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले.

"चौदा वर्षं," म्हणले, "चौदा वर्षं मी तुला हुशार समजून भ्यालो, गड्या."

मी हुबाच होतो. म्हणलं, आता हसतील. माझ्यावर हसायला आजवर उभ्या कमलनगरात कुणाला जड गेलं न्हाई, अन् हे हसले असते तर मीबी हसलो असतो. मी वाट बघितली. अण्णा हसले न्हाईत.